किरणांच्या बाई

एस्तेरबाई गल्लीतून चालू लागल्या की त्यांच्या पुढं पुढं दारांच्या कड्या लागत जायच्या. मोठा आवाज नसायचा. दार कोणी आपटत नसे. बाई लांबून दिसल्या की घरातली बाई सहज उठल्यासारखी उठायची, लेकराला आत ओढायची आणि कडी हलकेच सरकवायची. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. भर दुपारच्या उन्हात त्या बारीक टक् टक् आवाजामागून त्या चालत जायच्या. इस्त्रीची फिकी सुती साडी, हातात छत्री, गळ्याभोवती घट्ट घेतलेला पदर. चाल शाळेत वर्गावर जातानाची होती तीच. पोरं त्यांना किरणांच्या बाई म्हणायची.

मी देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा मला खोली मिळाली ती त्यांच्या शेजारची. मधे एक भिंत, पुढं दोघींचा मिळून पत्र्याखालचा ओटा, ओट्यापुढं त्यांचं पेरूचं झाड. रस्त्यापलीकडं हौसाबाईचं घर, आणि सगळ्याच्या मागं ऊस. बाई भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. नगरला एक भाचा होता, तेवढंच रक्ताचं माणूस.

नवीन माणूस भेटला की त्या नावाच्या आधी गाव विचारायच्या आणि पुढं गावाच्याच नावानं हाक मारायच्या. मी काष्टीची, म्हणून पहिल्या दिवसापासून 'काष्टीकर'. वर्गात एखादं पोर थापा मारायला लागलं की त्या त्याला थांबवायच्या. "पूर्व कुठं आहे, दाखव." पोर गोंधळून हात करायचं. "बरं. आता आपण कुठं उभे आहोत ते कळलं. आता खरं काय झालं ते सांग." आणि पोरं खरं सांगायची. का, ते मला अजून कळलेलं नाही.

पेरूच्या दिवसांत ओट्यापुढं पोरांची रांग लागे. एका नदीचं नाव सांगितलं की एक पेरू. प्रवरा, मुळा, गोदावरी लवकर संपायच्या. मग धाकटी पोरं ओढ्यांची, कालव्याच्या चाऱ्यांची नावं सांगून पेरू न्यायची आणि बाई तेही चालवून घ्यायच्या. हौसाबाईशी त्यांचं बरं होतं. संध्याकाळी दोघी रस्त्याच्या दोन कडांना उभ्या राहून बोलायच्या. हौसाबाईच्या घरी बाईंसाठी एक वेगळा कप होता, कान तुटलेला. तो किरणांच्या आधीपासूनचा. बाईंना ते माहीत होतं, आणि त्या त्यातून चहा प्यायच्या.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. फळ्याकडून वर्गाकडं वळल्या की पदराआडून दिसायची. नगरला ऑपरेशन झालं, थायरॉईडची ग्रंथी काढली, गाठ कॅन्सरची निघाली. उरलंसुरलं मारायला आयोडीनची गोळी घ्यावी लागेल, किरणं सोडणारं आयोडीन असतं ते, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यासाठी पुण्याला जायचं. भाचा त्यांना दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडून आला.

तिथलं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. आमच्याच ओट्यावर, पण त्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या.

"दार शिशाचं होतं, काष्टीकर. ढकलताना माणूस दमेल असं जड. एक मुलगा गोळी घेऊन आला. जाड डब्यात ठेवलेली. दिसायला तापाच्या गोळीसारखी. त्यानं ती माझ्या हातावर दिली नाही, पेल्यात टाकून पेला पुढं सरकवला. मी तोंडात घातली तोवर तो दारापाशी पोचलाही होता. मी पाणी प्यायले आणि दार लागलं."

"मग?"

"मग भिंतीतला स्पीकर माझ्याशी बोलायचा. जेवण दाराशी ठेवून जायचे. रोज एक माणूस दारात उभा राहून हातातलं यंत्र माझ्याकडं करायचा. ते टिकटिकायचं. बाहेर वळवलं की मंद व्हायचं. माझ्याकडं केलं की पुन्हा सुरू. मी नुसती कॉटवर बसलेली असायचे. काही बोलत नव्हते, हलत नव्हते. आणि ते यंत्र माझ्याबद्दल सांगत होतं."

"दुखायचं का काही?"

"काही नाही. कुठं दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. आत आहे, एवढं तरी कळलं असतं."

घरी सोडताना त्यांना बजावलं होतं की दोन आठवडे लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा, कपडे वेगळे धुवा, रोज आंघोळ करा, पाणी भरपूर प्या. दुसरं कोणी असतं तर आजारी आहे म्हणून खोलीत पडून राहिलं असतं. बाईंना ते जमणारं नव्हतं. आल्या त्याच दुपारी त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. पेरूसाठी जमलेल्या पोरांना त्यांनी रस्त्यापलीकडंच थांबवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "माझ्या अंगात सध्या किरणं आहेत. ती दिसत नाहीत. मला औषध म्हणून दिलीत, पण तुम्हाला नकोत. दोन आठवडे कोणी माझ्याजवळ यायचं नाही. नंतर ती आपोआप संपतात."

पोरं पांगली. घरोघरी पोचलं ते एवढंच, की बाईंच्या अंगात काहीतरी आहे आणि ते दिसत नाही.

दोन आठवडे संपले. बाईंनी पुन्हा ओट्यावर येऊन जाहीर केलं, "संपलं. आता या." रस्त्यापलीकडं पोरं होती, पण एकही पुढं आलं नाही. त्या वर्षी झाड वाकलं होतं. पेरू पिकले, पिवळे पडले, गळून ओट्यापाशी कुजायला लागले. गोडसर आंबूस वास माझ्या खोलीत भरून राहायचा. दुपारी पोपट यायचे आणि पेरू टोकरायचे. पोरं हौसाबाईच्या कट्ट्यावर ओळीनं बसून ते पाहत राहायची. मला आधी वाटलं, पोपटांचं कौतुक चाललंय. मग एक दिवस त्यांतला एक जण दुसऱ्याला म्हणताना ऐकू आलं, "थांब की. पडंल आता." ती पोपट मरून पडायची वाट पाहत होती.

पोपट पडले नाहीत. पण गल्लीला इतर गोष्टी दिसायला लागल्या. बाईंच्या ओट्यावर कुत्रं बसत नाही. त्यांच्या मागच्या सऱ्यांमधला ऊस उंच वाढलाय, नको एवढा. आणि तिन्हीसांजेला, दिवे लागायच्या आधी, त्यांच्या खिडकीत हिरवट उजेड असतो. हे शेवटचं मी हसण्यावारी नेलं होतं. मग एका संध्याकाळी अंगणात दोरीवरचे कपडे काढताना सहज वर पाहिलं. खिडकीत खरंच उजेड होता. फिका, हिरवा, न हलणारा, काजवे गोळा करून ठेवावेत तसा. माझ्या हातातली चादर खाली पडली.

मी दार वाजवलं. बाईंनी उघडलं, माझं तोंड पाहिलं, आणि न विचारता आतल्या भिंतीकडं बोट केलं. तिथं यात्रेत मिळणारा प्लॅस्टिकचा क्रूस होता, दिवसभर उजेड पिऊन अंधारात चमकणारा. माझ्या आधीपासून तो तिथंच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो उतरवून ट्रंकेत ठेवला. खिडकी काळी झाली. गल्लीत म्हणू लागले की आता ते आत मुरलंय.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी हौसाबाईच्या सुनेचं, सोनालीचं, सहाव्या महिन्यात पोटातलं पोर गेलं. राहुरीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पिशवीचं तोंड वेळेआधी उघडलं, असं होतं कधी कधी. ते कोणाच्या कानात शिरलं नाही. सोनाली दिवसभर अंगणात बसायची आणि तिच्या समोर, रस्त्यापलीकडं, बाईंचा ओटा होता. हौसाबाई भांडायला आली नाही. तिनं दोन दिवसांत घरापुढं, त्या बाजूनं, पत्रे ठोकून घेतले. माणसापेक्षा उंच. संध्याकाळचं बोलणं तिथं संपलं. बाई आपल्या कडेला नेहमीच्या वेळी उभ्या राहायच्या आणि पत्र्यांकडं बघून आत जायच्या.

थोड्याच दिवसांत बाईंच्या फाटकावर एक चिन्ह आलं.

आमच्याकडं रेडियम म्हटलं की उसाच्या ट्रॉलीमागं, मोटारसायकलच्या मडगार्डवर लावतात तो चमकणारा कागद. लोक हौसेनं त्यात देवाचं नाव कापून घेतात, पोरांची नावं कापून घेतात. रेडियम या नावाची कोणाला भीती वाटत नाही. त्याच कागदाचा पिवळा त्रिकोण कोणीतरी कापून आणला होता, त्यावर काळी तीन पाती, किरणांच्या धोक्याची खूण. गळिताचा हंगाम सुरू झाला होता. संध्याकाळी कारखान्याकडं ट्रॅक्टर जायचे आणि प्रत्येकाच्या दिव्यात ते चिन्ह एकदम पेटायचं, मग विझायचं. पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा पेटायचं. माझ्या खोलीतून ते दिसायचं. मी खिडकीला पडदा लावला.

"काढून टाकू का, बाई?"

त्या जवळ जाऊन बारकाईनं बघत होत्या. "कडा छान कापल्यात," म्हणाल्या. "राहू दे. काढलं तर दुसरं लावतील."

काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. पालकांची कुरकुर सुरू झाल्यापासून त्यांना वर्ग दिलेच नव्हते. नकाशे ठेवायच्या खोलीत बसून त्या जुन्या नकाशांना मागून कापड चिकटवायच्या. शाळेनं निरोप समारंभ मात्र केला. स्टेजवर सगळ्यांच्या खुर्च्या एका ओळीत होत्या आणि बाईंची थोडी अलीकडं, एकटी. त्यांच्याबद्दल चांगलं बोलले सगळे. खरंच चांगलं बोलले. मग हाराची वेळ आली. मुख्याध्यापक हार घेऊन उठले, दोन पावलं चालले आणि हार त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवून नमस्कार करून मागं गेले. सभागृहात चूळबुळ थांबली. बाई हाराकडं बघत बसल्या. मग उठून त्यांनी तो स्वतःच्या हातानं गळ्यात घातला, पदर नीट केला आणि भाषणाला उभ्या राहिल्या. टाळ्या झाल्या.

इथवरचं मी समजू शकते. भीतीनं माणसं असं वागतात. पुढं जे सुरू झालं ते मात्र मला बघवत नसे. बाई हळूहळू गल्लीच्या बाजूच्या झाल्या.

आधी त्यांनी माझ्या दोरीवर कपडे वाळत घालणं बंद केलं. मग मी पाण्याचा हंडा उचलायला गेले की "थांब, मी बाजूला होते," म्हणायला लागल्या. मी केलेली भाजी घ्यायच्या, पण डबा परत करायच्या नाहीत. नवीन आणून द्यायच्या. बोलताना तोंड वळवून बोलायच्या. मी म्हटलं, "बाई, दोन आठवडेच म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते. पण पाहिलंय कोणी?"

एका दुपारी त्यांनी मला भिंतीवर टकटक करून बोलावलं. मी गेले तर त्या खुर्चीत ताठ बसलेल्या, डोळे मिटून. "बस. बोलू नकोस. ऐक."

मी ऐकू लागले. उसाची सळसळ होती. लांब कुठंतरी मोटर चालू होती. आणि मग मला ते ऐकू आलं. टिक्. थांबून, टिक् टिक्. बारीक, कोरडं. मी वर पाहिलं.

"पत्रा असेल, बाई. उन्हानं तापतो ना."

"पत्रा नाही." त्यांनी दोन बोटं गळ्यावरच्या व्रणावर ठेवली. "मी बाहेर गेले तरी असतं. चर्चमध्ये असतं. सगळे प्रार्थनेला गप्प झाले की जास्त येतं."

मी तिथं बसून राहिले आणि तो आवाज कुठून येतोय ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

वर्ष झाल्यावर पुण्याला तपासणीला जायचं होतं. त्या टाळत होत्या. भाचा काही आला नाही, मग मीच घेऊन गेले. रक्त झालं, डॉक्टरांनी गळा तपासला, रिपोर्ट चांगला निघाला. बाई उठेनात. "ते यंत्र माझ्यापुढं धरा," म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, त्याची आता काही गरज नाही. बाई म्हणाल्या, "मला आहे."

डॉक्टरांनी एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं यंत्र सुरू करून बाईंच्या गळ्याशी धरलं. टिक्. बऱ्याच वेळानं, टिक् टिक्. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "हेच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज."

तो मुलगा हसला नाही. त्यानं यंत्र माझ्याकडं वळवलं. टिक्. थांबून, टिक् टिक्. मग भिंतीकडं, मग टेबलावरच्या त्याच्या जेवणाच्या डब्याकडं, मग स्वतःच्या छातीशी. सगळीकडं तेच. "हा सगळ्यांचाच असतो, मॅडम," तो म्हणाला. "मातीचा, भिंतीचा, आभाळातून येणारा. थोडा आपल्या अंगातला. हे यंत्र पूर्ण गप्प कधीच होत नाही. तुमचं औषध केव्हाच संपलं."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. माझ्यापासून अंतर ठेवून, पण पहिल्यापेक्षा कमी. नगर मागं पडल्यावर मी विचारलं, "अजून येतो का ऐकू?"

"येतो," त्या म्हणाल्या. "पण आता वाटतं, तुझाही असेल."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हौसाबाईला अंगावरून जायला लागलं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तपासण्या झाल्या, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन होणार नाही, नगरला रोज जाऊन किरणं घ्यायची, असं ठरलं. हौसाबाईनं ते ऐकलं आणि घरी येऊन आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजली. जायची नाही, म्हणाली. मुलगा बाळासाहेब आणि सोनाली दोघांनी पाया पडून पाहिलं. "मी जाईन तशी जाईन. पर मला किरनं घालू नका," एवढंच ती म्हणायची.

बाईंना हे माझ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलून, छत्री घेऊन त्या रस्ता ओलांडून पत्र्यांच्या कडेनं आत गेल्या. मी पाठोपाठ. सोनाली आम्हाला बघून उठून उभी राहिली, पण तिनं कडी लावली नाही. बाई आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसल्या.

"हौसाबाई, मी आत येत नाही. इथूनच बोलते."

मग हौसाबाईचा आवाज आला, भिंतीकडूनच. "बोलू नका. तुमचं तुमच्याजवळ ठिवा."

"तुम्हाला देणार ती किरणं वेगळी. यंत्र बाहेरून देतं. बंद झालं की संपलं. अंगात काही राहत नाही. मी डॉक्टरांना फोनवर विचारलंय."

"तुमच्यात तरी कुठं ऱ्हायलं हुतं?"

हौसाबाई उठून बसली आणि प्रथमच आमच्याकडं वळली. एवढीशी झाली होती.

"मला ठाव हुतं, बाई. डाक्टरनी सोनालीचं काय ते सांगितलं हुतं, मी तितंच हुते. तरी मी पत्रं ठोकलं. माझ्या घरचं पोर गेलं, मला कुनावर तरी घालायचं हुतं." तिनं श्वास घेतला. "तुमी जगलाव खरं. पर ह्याला जगनं म्हनत्यात व्हय? तुमच्या दारात चिमनं पोर येत न्हाई. मला मरनाचं भ्या न्हाई वाटत. मी तुमचं जे केलं ते मला ठाव हाय. आता तेच ही समदी माझं करतील."

बाहेर सोनालीच्या हातातलं भांडं कुठंतरी टेकल्याचा आवाज झाला. बाई उठल्या, उंबरा ओलांडून आत गेल्या आणि हौसाबाईच्या शेजारी, तिच्याच पटकुरावर बसल्या. दोघींच्या मधे वीतभर जागा होती.

"करतील," बाई म्हणाल्या. "मग आपण दोघी असू."

सोमवारपासून त्या निघाल्या. बाळासाहेब एका ओळखीच्या जीपनं न्यायचा. तो नागापूरला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. वेल्डिंगच्या जोडांचे किरणांनी फोटो काढतात, त्या टोळीत. रजा काढून तो रोज आईला न्यायचा, आणि बाई मागं हौसाबाईशेजारी. सुट्टी होती म्हणून मीही अधूनमधून जायचे.

हौसाबाईच्या पोटावर आणि कमरेवर रंगाच्या खुणा काढल्या होत्या. पुसायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं. "बाजारात गुरावर करत्यात तसं केलंय मला," ती म्हणाली. पाणी पिऊन आत जायचं असे. बाई बाटली घेऊन तिच्यामागं उभ्या राहायच्या आणि वर्गातल्यासारख्या "अजून, अजून," करायच्या. आत तिला टेबलावर निजवून सगळे बाहेर यायचे. जाड दार मिटायचं. बाहेर एका पडद्यावर ती दिसायची, करड्या रंगाची, एकटी, आणि तिच्याभोवती ते मोठं डोकं सावकाश फिरायचं. पहिल्या दिवशी बाईंनी तिकडं पाहिलं आणि त्यांचा हात गळ्याकडं गेला. मग त्यांनी खुर्ची ओढून पडद्यासमोर घेतली आणि दार उघडेपर्यंत नजर हलवली नाही. पुढं रोज तसंच.

एकदा त्या अशा बसलेल्या असताना बाळासाहेब त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. मी बाकावर होते.

"बाई, फाटकावरचं ते मीच लावलं."

"मला माहीत आहे," बाई पडद्याकडं बघतच म्हणाल्या. "गावात ते चिन्ह तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?"

"तुमच्यामुळं न्हाई." तो म्हणाला. "किरणांचं काम चालतं तिथं दोरी बांधत्यात, मी रोज त्या दोरीच्या आसपास असतो. किरणं मोजायचा बिल्ला लावतो, तो तपासून येतो, काही निघत न्हाई. पण पोर गेलं तवा मला वाटलं, मीच घरी घेऊन आलो काहीतरी. अंगाला लावून. सोनालीला सांगायचं धाडस झालं न्हाई. मग सगळे तुमच्याकडं बोट करत हुते. मला बरं वाटलं, बाई. लई बरं वाटलं."

पडद्यावर हौसाबाईच्या पायाचा अंगठा हलत होता. मग बाईंनी शेजारची रिकामी खुर्ची थोडी पुढं ओढली. "बस," म्हणाल्या. "तुझ्या आईकडं बघ. तिला आत एकटं वाटतं." तो बसला. ते दोघं तसे पडद्याकडं बघत बसलेले मला अजून दिसतात.

उपचार संपेपर्यंत हौसाबाई गळून गेली. जुलाब, उलट्या, चालवेना. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबायची, कारण पुढं पाण्याची चारी खणली होती. तिथून घरापर्यंत बाई तिला हात धरून आणायच्या. मी त्यांच्या मागून चालायचे. पहिले काही दिवस पुढं कड्या लागत होत्या. हौसाबाईला ते आता स्वतःसाठी ऐकू येत होतं. ती प्रत्येक आवाजाला बाईंचा हात घट्ट धरायची. एकदा एका दारापाशी थांबून ती म्हणाली, "पारू, मी हाय गं. हौसा." कडी निघाली नाही. बाईंनी तिला पुढं चालवलं.

पण ती वाचली. सावकाश भरत आली. पत्रे कधी निघाले ते मला आठवत नाही. एक दिवस पाहिलं तर नव्हते. सोनालीला पुन्हा दिवस गेले. या वेळी डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि नववा महिना भरून मुलगी झाली.

बारशाच्या वेळी माझ्या बदलीचा कागद आला होता. तो माझा तिथला शेवटचा रविवार. हौसाबाईच्या अंगणात मांडव होता. गल्लीतल्या बायका आल्या होत्या. बाईंना बोलावणं गेलं होतं, आणि त्याही आल्या होत्या, पण मांडवाच्या बाहेर, लिंबाच्या सावलीला खुर्ची घेऊन बसल्या. त्यांच्याभोवती आपोआप जागा रिकामी राहिली. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवलं. मग हौसाबाईनं पाळण्यातून पोर उचललं आणि बायकांमधून वाट काढत बाहेर निघाली. गाणं म्हणणाऱ्या थांबल्या. सोनाली अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. सगळ्या बघत होत्या.

हौसाबाई बाईंपुढं उभी राहिली. "घ्या."

बाईंनी हात मागं घेतले. खुर्चीच्या पाठीला टेकून, जेवढं मागं होता येईल तेवढं झाल्या. "नको, हौसाबाई. नको."

"यंत्रानं काय सांगितलं तुमाला?"

"सांगितलं. पण नको."

हौसाबाईनं ऐकलं नाही. तिनं वाकून पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हात काढून घेतले. आता बाईंना धरावंच लागलं. पोर जरा कुरकुरलं आणि गप्प झालं. बायका थोडा वेळ पाहत राहिल्या, मग वाटी-चमच्यांचे आवाज सुरू झाले आणि पंगत बसली.

मला बस पकडायची होती. मी निरोप घ्यायला लिंबाकडं वळले आणि थोडं अलीकडंच थांबले. बाई तशाच बसल्या होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर निजली होती. त्यांनी दोन्ही हातांनी तिला धरलं होतं, पण अंगापासून लांब, गुडघ्यांच्या टोकाशी. आणि आपला श्वास तिच्यावर पडू नये म्हणून मान पूर्ण मागं वळवली होती, पाठीमागून कोणी हाक मारल्यासारखी. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. किती वेळ त्या तशा होत्या, कोणास ठाऊक. तोंड उसाकडं होतं आणि त्या अगदी थोडा थोडा श्वास घेत होत्या.